वाचक विचारतात

प्रश्न : आमची वरुड तालुक्यात संत्रा बाग आहे. मृग बहाराची तोड आटोपली की मार्चअखेर मुलाला आल्प्समध्ये गाइडसोबत शामोनी ते झेरमाट स्कीवर जायचे आहे. गुलमर्गला त्याने एक कोर्स केला आहे. तयारी काय करावी?

उत्तर : हंगाम बरोबर निवडला, ही वाट मार्चमध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच चालते. पण एका कोर्सवर ती झेपणार नाही. सहा-सात दिवस, रोज साधारण हजार मीटर चढ आणि पाठीवर ओझे घेऊन कच्च्या बर्फावरून उतार. यंदा एकाच ठिकाणी मुक्काम करून रोजच्या छोट्या फेऱ्या कराव्यात. गाइडकडे आयएफएमजीए (पर्वत-गाइडांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) बिल्ला आहे ना, ते आधी पाहा.

बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे हवेच, आणि वापरण्याचा सराव त्याहून जास्त. हिमस्खलनात गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तरच खरी आशा असते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. हिमस्खलनाचे बहुतेक धोकादायक उतार 30 ते 45 अंशांचे असतात. मोबाइल बीकनपासून दूर ठेवावा, सिग्नल बिघडतो.

शेंगेन व्हिसाचा (फ्रान्स-स्वित्झर्लंडसाठी लागणारा युरोपचा सामाईक व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान 30,000 युरोचा लागतो, मात्र साध्या पॉलिसीत आखीव मार्गाबाहेरचे स्कीइंग आणि हेलिकॉप्टरने सुटका बहुधा नसते. ते लेखी घ्या.

बूट तिथेच भाड्याने घ्यावेत, पण पहिल्या दिवशी तासभर घालून बघूनच. पायाच्या फोडांनी बऱ्याच सहली अर्ध्यावर सुटतात. सरावाला चिखलदऱ्याचा घाट आहेच, पाठीवर आठ-दहा किलो घेऊन.