टेनिसमध्ये डबल्स खेळायचं म्हणतेस त्याबद्दल

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

काल सोलापुरात कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात तू किट खांद्याला लावून बराच वेळ नुसतीच उभी होतीस. मग एका दमात बोलून टाकलंस, "सर, मला डबल्सच खेळायचंय, पण आई म्हणते, सिंगल्स जमेना म्हणून का?" मी उद्या बोलू म्हणालो. तोंडी सांगायला बसलो की माझं निम्मं राहून जातं, म्हणून लिहितोय. आईलाही वाचून दाखव.

आईला आधी सानिया मिर्झाचं सांग. हैदराबाद काही आपल्याला लांब नाही, आपल्या पूर्वभागातल्या निम्म्या तेलुगू घरांचे पाहुणे तिकडेच आहेत. सानिया २००७ साली सिंगल्समध्ये जगात २७ वी होती. पुढे मनगटानं आणि गुडघ्यानं छळलं, २०१३ मध्ये तिनं सिंगल्स थांबवलं आणि एप्रिल २०१५ मध्ये ती डबल्समध्ये जगात पहिली झाली. मार्टिना हिंगीसबरोबर तिनं सलग ४१ सामने जिंकले. तिला सिंगल्स जमत नव्हतं असं कोण म्हणेल?

तुझी स्वतःची काळजी वेगळी आहे, ती मला ठाऊक आहे. उंची. सर्व्हिसला जोर नाही. तर इटलीच्या सारा एरानीचे सामने काढून बघ. उंचीनं ती जवळपास तुझ्याएवढीच. सर्व्हिस इतकी हळू की लोकांनी त्यावरून तिला वर्षानुवर्षं बोल लावले. पण २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला तिनं जास्मिन पाओलिनीबरोबर सुवर्ण घेतलं. २०२५ ला यूएस ओपनवाल्यांनी मिक्स्ड डबल्स मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात उरकायचं ठरवलं, सिंगल्सचे तारे बोलावले, बक्षीस ठेवलं दहा लाख डॉलर. डबल्सवर पोट असलेल्या बहुतेकांना त्यात जागाच मिळाली नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण एरानी आणि आंद्रेया वावासोरी आदल्या वर्षीचे विजेते म्हणून आत होते. अंतिम सामन्यात समोर सिंगल्सचे तारे, इगा श्वियाँटेक आणि कॅस्पर रूड. जिंकले एरानी आणि वावासोरीच. एरानी ३८ वर्षांची होती. तो सामना बघताना चेंडूकडे बघू नकोस, तिच्या पायांकडे बघ. समोरची मारायच्या आधीच ती निघालेली असते.

म्हणून सिंगल्स आजच सोड असं मात्र मी म्हणणार नाही. तुझं वय अठरा. अजून तीन वर्षं तरी दोन्ही खेळ. जोडीला स्पर्धेत घेताना दोघींच्या रँकिंगची बेरीज बघतात आणि बऱ्याच ठिकाणी सिंगल्सचं रँकिंगही चालतं. मोठ्या स्पर्धांत डबल्सवाल्या मुली बाहेर राहतात आणि सिंगल्सवाल्या आत जातात, ते यामुळेच. शिवाय तुझा फोरहँड मेहनतीनं आलाय, तो सिंगल्सनंच टिकेल.

पैशाचंही स्पष्ट सांगतो, कारण घरात तो प्रश्न निघणारच. सगळ्यात खालच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धेत एकूण बक्षीस पंधरा हजार डॉलर. त्यातलं डबल्स जिंकणाऱ्या जोडीला हजार डॉलरच्याही आत मिळतं, ते दोघींत वाटायचं. त्यातून हॉटेल, जेवण, गटिंग म्हणजे रॅकेटच्या तारा बदलणं, परतीचं तिकीट. म्हणजे जिंकूनही घरून पैसे मागवावे लागतात. ग्रँड स्लॅमला पहिल्याच फेरीत हरलेल्या जोडीला जेवढं मिळतं, तेवढं अशा पंधरा स्पर्धा जिंकूनही हाती येत नाही. मधला पल्ला सात-आठ वर्षांचा असतो. वडिलांशी हे आकडे घेऊन बस, नुसतं "होईल काहीतरी" म्हणू नकोस.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

सिंगल्समध्ये तुझं नाव यादीत जायला तू आणि तुझं रँकिंग पुरे. डबल्समध्ये कुणीतरी तुला फोन करावा लागतो. "पुढच्या आठवड्यात खेळतेस का माझ्याबरोबर?" एवढं एक वाक्य, आणि त्याच्यावर अख्खं करिअर उभं असतं. तो फोन कुणाला जातो, हे मला उशिरा कळलं.

दक्षिणेतल्या एका शहरात उपांत्य सामना होता. एक-एक सेट, मग तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. आम्ही ८-९ नं मागे, सर्व्हिस माझ्या जोडीदाराची. त्यानं डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या, आणि सामना गेला. मी नेटपाशी होतो. वळून मी त्याच्याकडे बघितलंही नाही, स्टँडकडे बघून दोन्ही हात पसरले. फार तर एक सेकंद. त्यानं ते बघितलं. हस्तांदोलन केलं, बाटली भरून घेतली, ग्रिप नीट गुंडाळली आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. तीन आठवड्यांनी पुढच्या स्पर्धेच्या साइन-इनच्या म्हणजे नावनोंदणीच्या कागदावर त्याचं नाव दुसऱ्याबरोबर दिसलं. यादी बंद व्हायला वीस मिनिटं होती आणि मी हॉटेलच्या जिन्यात जोडीदार शोधत फिरत होतो. त्यानं मला पुन्हा कधीच विचारलं नाही. त्याच्याइतका चांगला जोडीदार मला नंतर मिळाला नाही.

म्हणून जोडीदारणीची चूक झाली की आधी तिच्याकडे जा. बोलायला काही नसेल तर नुसता हाताला हात लाव. मग पुढचा पॉइंट ठरवा. डबल्समध्ये आता ४०-४० ला ॲडव्हांटेज नसतो, एकच पॉइंट, आणि रिसीव्ह कुणी करायचं ते रिसीव्ह करणारी जोडी ठरवते. तिसरा सेटही नसतो, दहाचा टायब्रेक असतो. ग्रँड स्लॅम सोडलं तर बहुतेक ठिकाणी असंच. एवढ्या आखूड खेळात रुसून बसायला वेळच नाही.

माझे वडील यंत्रमागावर टॉवेल काढायचे. कारखान्यात इतका खडखडाट असायचा की शेजारच्या मागावरच्याला हाक ऐकू जात नसे. सगळं हातानं आणि ओठांनी चालायचं. धागा तुटला, बीम (ताण्याचा रूळ) संपत आली, चहा आला, प्रत्येकाची खूण वेगळी. लहानपणी डबा द्यायला गेलो की मी ते बघत उभा राहायचो. त्या माणसांना एकमेकांकडे सारखं लक्ष ठेवायची सवय होती. नेटजवळ पाठीमागे बोटं दाखवून आपण जे सांगतो, सर्व्हिस वाइड म्हणजे कडेला की टीवर म्हणजे मधल्या रेषेवर, मी जागा सोडतेय की थांबतेय, ते तसंच झालं पाहिजे. तुम्ही मुली खूण करता, पण मागची ती बघतेय का याची खात्री करत नाही. ती "हो" म्हणेपर्यंत खूण झालीच नाही असं धर.

सरावाचं एकच काम देतो. सर्व्हिस करून पुढे धावत येणारीचे पाय जिथं पडतात, तिथं सर्व्हिस लाइनच्या जरा मागे टॉवेल अंथर. रिटर्न त्याच्यावर पडला पाहिजे. जोरात नको, खाली पाहिजे. नेट मध्यभागी तीन फूट असतं आणि खांबापाशी साडेतीन, तेव्हा सुरुवातीला मधूनच मार. रोज शंभर. चाळीस बसायला लागले की आपण लॉबकडे, म्हणजे डोक्यावरून उंच मारण्याकडे जाऊ. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे सहा वाजता कोर्टवर, आठला सावलीत.

आणि धाराशिवची ती डावखुरी मुलगी. गेल्या महिन्यात तुमच्या दोघींचा सामना झाला, तू हरलीस, म्हणून तिच्याशी बोलत नाहीस हे मला दिसतं. तिची सर्व्हिस ॲड कोर्टवरून (कोर्टच्या डाव्या अर्ध्यातून) बाहेर वळते, तुझा नेटवरचा हात जलद आहे. अमेरिकेच्या ब्रायन भावांतही एक डावखुरा, एक उजवा, आणि दोघांनी मिळून १६ ग्रँड स्लॅम जिंकली. आज संध्याकाळी तिला फोन कर. तिच्या फोनची वाट बघत बसू नकोस. हो म्हणाली तर रविवारी पहिल्या एसटीनं ये म्हणावं. टॉवेल मी घरून आणतो.

तुझे,
सर