घरी ४×५ इंची निगेटिव्ह स्कॅन करायला फार वेळ लागतोय, स्पीड कशी वाढवायची?

सगळ्यात आधी डीपीआय (एका इंचात किती ठिपके स्कॅन होतात तो आकडा) कमी करा. फ्लॅटबेड स्कॅनरवर ४८०० किंवा ६४०० लावून फाईल नुसती फुगते, खरी डिटेल तेवढी येतच नाही, २४०० ला पण ४×५ ची जवळपास ११५ मेगापिक्सेल होते, मोठ्या प्रिंटला भरपूर झाली. ब्लॅक अँड व्हाईट असेल तर डिजिटल आईस (धूळ-ओरखडे आपोआप काढणारी स्कॅनरची सोय) बंदच ठेवा, चांदीच्या फिल्मवर ते नीट चालत नाही आणि इन्फ्रारेडचा वेगळा पास घेतं त्यात वेळ जातो, त्यापेक्षा ब्लोअरने धूळ उडवा. मल्टी सॅम्पलिंग (एकच जागा अनेकदा स्कॅन करणं) पण नको. निगेटिव्ह भरपूर साचल्या असतील तर सरळ लाईट पॅडवर ठेवून मॅक्रो लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढा, एकदा सेटिंग बसलं की एक निगेटिव्ह मिनिटभरात होते, फक्त कॅमेरा आणि फिल्म एकदम समांतर पाहिजेत नाहीतर कडा सॉफ्ट येतात.