किवी, पेरू आणि तंबाखूची पुडी

ताई, किवीने डीएनए दुरुस्त होतो असा मेसेज आला, मिस्टरांना तंबाखूची सवय आहे, तर रोज तीन किवी सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. मेसेज अगदीच थाप नाही.

त्यामागे शास्त्रज्ञ ॲन्ड्र्यू कॉलिन्स आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आहे, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. १४ धडधाकट माणसांना तीन-तीन आठवडे रोज एक, दोन किंवा तीन किवी दिल्या आणि रक्तातल्या पेशी तपासल्या. ही कॉमेट चाचणी मी लॅबमध्ये असताना डोळे दुखेस्तोवर केली आहे. पेशी जेलीत बसवायच्या, वीज सोडायची. डीएनए धड असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली गोल टिकली दिसते. तुटला असेल तर तुकडे ओढले जाऊन धूमकेतूसारखी शेपटी निघते. किवी खाल्ल्यावर डीएनएचं ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी झीज, कमी दिसलं, दुरुस्तीचं कामही वाढलेलं दिसलं. पण एक खा की तीन, फरक साधारण तेवढाच! म्हणजे तीनचा खर्च तिथेच वाचला.

शेपटी आखूड झाली म्हणजे कॅन्सर टळला असं मात्र नाही. युरोपातल्या १० देशांत पावणेपाच लाखांहून जास्त लोकांवर लक्ष ठेवलं, तेव्हा रोज २०० ग्रॅम फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांत एकूण कॅन्सरचा धोका जेमतेम ३ टक्के कमी निघाला. त्यातही हे लोक एरवीच तब्येतीला जपणारे असणार.

गोळ्यांच्या वाटेला तर जाऊच नका. फिनलंडमध्ये २९ हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरातल्या केशरी द्रव्याच्या, गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. फळात तंतू असतात, फोलेट असतं, कितीतरी इतर द्रव्यं असतात. त्यातलं एकच उपसून डबीत भरलं की फळाचा गुण येत नाही.

किवीच हवी असंही नाही. आपल्या पेरूत सी जीवनसत्त्व किवीपेक्षा जास्त असतं. फोडी करून, मीठ-तिखट लावून द्या, मिस्टर नाही म्हणणार नाहीत. रस नको, चावून खाऊ देत.

पण पेरू खाऊन वर बार भरला तर काय उपयोग? पुडीवर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवायला मदत करणारा मोफत नंबर छापलेला असतो, तो लावा. आणि आज रात्री बॅटरी घेऊन त्यांच्या गालाच्या आतून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर पेरू राहू दे, आधी दाताच्या डॉक्टरकडे न्या.