शिसवी पाट करायला निघालास, तर आधी हे वाच

पहिलंच काम शिसवात करायचं म्हणतोस, तर खरेदीची घाई करू नकोस. ठाण्यात एका वखारीत मला 'अस्सल शिसवी' म्हणून एक फळी मिळाली होती. घरी आणून कापसाच्या बोळ्याने थिनर फिरवला, तर बोळा तपकिरी झाला. म्हणजे रंग पॉलिशचाच! तेव्हापासून वखारीत जाताना पॉलिशपेपर खिशातच असतो. कोपरा घास. अस्सल शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी, मध्ये काळसर रेषा, आणि घासल्यावर गोडसर वास येतो.

'शीशम' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा शिसू, म्हणजे शिसवाच्याच जातकुळीतलं दुसरं झाड असतं. पानं बघायला मिळाली तर फरक लगेच कळतो: शिसूची पर्णिका (पानातलं एकेक छोटं पान) टोकदार, शिसवाची गोलसर, टोकाशी किंचित खाच. शिसू लवकर वाढतं. शिसवाला जाड गाभा धरायला अनेक दशकं लागतात, आणि तोड मात्र भराभर झाली. आज हे झाड संकटग्रस्त यादीत 'असुरक्षित' गटात आहे. 2017 पासून त्याचा सगळा वंश सायटीस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आला, त्यामुळे लाकूड परदेशी पाठवायला कागद लागतात.

म्हणून माझं ऐक, नवं लाकूड घेऊच नकोस. जुनं घर पाडताना निघालेली चौकट, मोडका पलंग शोध. खिळे नीट काढ, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. पाटाला तेवढं लाकूड पुरतं.

आणि ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात फिरायला गेलास तर शिसवाच्या शेंगा उचलू नकोस, ते राष्ट्रीय उद्यान आहे. रोप हवं असेल तर रोपवाटिकेत विचार.