डिकीचा दरवाजा बदलताय? आधी वायरिंग

जुन्या बाजारातून दरवाजा आणणार असाल तर वायपर, डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणारी तापतार), कॅमेऱ्याची भोकं आधी जुळवून बघा. रंग नंतरही मारता येतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. आतलं ट्रिम, म्हणजे दरवाजाचं आतलं आवरण, क्लिपाजवळ धरूनच ओढा, नाहीतर क्लिपा तुटतात. प्रत्येक सॉकेटचा फोटो काढून मगच सोडवा. आता खरं काम: हार्नेस (वायरींचा जुडगा) ओढण्याआधी त्याच्या टोकाला मजबूत सुतळी बांधा. वायर बाहेर येते, सुतळी आत राहते. नवीन दरवाजात तिच्या वाटेनेच दुसरी सुतळी ओवा आणि हार्नेस हळूहळू ओढून घ्या. वॉशरची नळी विसरू नका.

बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी वाकवून बघा. उघडझाप होऊन तांबं तिथंच तुटतं, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. तुटली असेल तर सोल्डर करून हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, पण जोड रबरी नळीच्या बाहेर, एकमेकांपासून पुढेमागे ठेवा. रबरी नळीची कड नीट बसली नाही तर खानापूरच्या पावसात पाणी थेट डिकीत.

बिजागरीच्या बोल्टांभोवती आधी मार्करने खूण करा. गॅसचे दांडे (दरवाजा वर धरून ठेवणारे) काढताना दरवाजा दुसऱ्या माणसानं धरायलाच हवा. बसवल्यावर बोल्ट अर्धवट आवळून, हळू लावून दोन्ही बाजूंची फट बघा; कुलपाचा आकडा शेवटी जुळवा.