पहिला स्मोकर घेताना : कडाक्याच्या थंडीतली प्रश्नोत्तरे

मंद आचेवर, धुराच्या सोबतीने तासन्‌तास मांस शिजवणाऱ्या स्मोकरबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले, आणि त्यातले बहुतेक बर्फाळ हवेत राहणाऱ्यांचे आहेत. खरेदीचे नेहमीचे सल्ले उन्हाळा गृहीत धरून दिलेले असतात. ते ऐकून स्मोकर घेतलेली माणसे पहिल्याच हिवाळ्यात वैतागून त्यावर ताडपत्री टाकतात, याचे मला फार वाईट वाटते. थंडीतली धुरी अवघड असली तरी उत्तम जमते, फक्त यंत्र त्या हवेला साजेसे हवे.

प्रश्न : आमच्याकडे चार-पाच महिने पारा शून्याखाली असतो. बारा महिने वापरता येईल असा पहिला स्मोकर घ्यायचा आहे. इलेक्ट्रिक, गॅस, पेलेट, कोळसा, इतके प्रकार बघून गोंधळ उडाला आहे. सुरुवात कुठून करू?

भिंतीपासून करा. इंधन नंतर ठरवता येईल. दुकानात आधी झाकण उघडून पत्रा किती जाड आहे, भिंत दुहेरी आहे का, झाकण आणि दार फटी न ठेवता बसतात का, हे बघा. हिशोब सोपा आहे. धुरावताना आत साधारण ११० अंश सेल्सिअस लागतात. बाहेर २५ अंश असतील तर आतबाहेरचा फरक ८५ अंशांचा. बाहेर उणे १५ असेल तर हाच फरक १२५. भिंतीतून निसटणारी उष्णता साधारण या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तोच स्मोकर तेवढाच गरम ठेवायला जवळजवळ दीडपट इंधन लागते. त्यात वारा सुटला तर आणखी.

या कसोटीवर सगळ्यांत पुढे असतो तो कामाडो, म्हणजे जाड सिरॅमिक भिंतींचा, अंड्याच्या आकाराचा कोळशाचा स्मोकर. एकदा तापला की तो उष्णता धरून ठेवतो. त्याला हवाही फार थोडी लागते. हा दुसरा गुण मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण विस्तवासाठी आत ओढलेली प्रत्येक फुंकर बाहेरच्या गोठलेल्या हवेची असते आणि ती तापवावी लागते. कमी हवा आत गेली की कोळसा वाचतो आणि मांसही कोरडे पडत नाही. मात्र तो महाग आणि जड असतो, आणि थंडीत जपून पेटवावा लागतो. रात्रभर गोठलेल्या, त्यातही ओल शिरलेल्या सिरॅमिकला एकदम मोठा जाळ दिला तर तडा जाऊ शकतो. अर्धा-पाऊण तास घेऊन हळूहळू तापवा. आणखी एक : आतले तापमान ठरवलेल्यापेक्षा वर गेले की ते खाली यायला फार वेळ लागतो. म्हणून हव्या त्या आकड्याच्या थोडे अलीकडेच हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा आवळायला घ्या.

दुसरा पर्याय उभ्या वॉटर स्मोकरचा. तळाशी कोळसा, मध्ये पाण्याचे ताट, वर जाळ्या. पत्रा पातळ असतो, पण आकार आटोपशीर असल्याने उष्णता निसटायला जागा कमी मिळते, आणि त्याला उष्णतारोधक आवरण सहज घालता येते. तळाशी न पेटलेला कोळसा भरून वर मूठभर पेटते निखारे ठेवले की विस्तव हळूहळू खाली सरकत कित्येक तास चालतो. ज्यांना आगीशी खेळायला आवडते पण कामाडो परवडत नाही, त्यांनी डोळे झाकून हा घ्यावा. थंडीत पाण्याच्या ताटात गार पाणी मात्र ओतू नका, उकळते ओता. कडाक्याची थंडी असेल तर पाण्याऐवजी कोरडी वाळू भरून वर फॉइल लावा. पाण्याची वाफ करण्यात जी उष्णता खर्च होते, ती त्या दिवशी तुम्हाला परवडणारी नसते.

पेलेट स्मोकरमध्ये लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या एक फिरता स्क्रू मोजून विस्तवात ढकलतो आणि कंट्रोलर तापमान सांभाळतो. घरात लहान मुले आहेत, मध्येच उठून बाहेर जाता येत नाही, अशांना याच्याइतका सोयीचा प्रकार नाही. पण एकेरी पत्र्याचा पेलेट स्मोकर हिवाळ्यात गोळ्या अक्षरशः खातो, म्हणून दुहेरी भिंतीचा घ्या किंवा त्याच्या मापाचे आवरण कंपनी देते का ते आधी विचारा. गोळ्यांना ओल लागली की त्या फुगून पुन्हा भुसा होतात आणि स्क्रू अडकतो. काम झाल्यावर उरलेल्या गोळ्या काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

इलेक्ट्रिक कपाटवजा स्मोकरबद्दल मी सावध आहे. घरगुती मॉडेलमध्ये बऱ्याचदा ८०० वॉटच्या आसपासची कॉइल असते. शून्याच्या आसपास, आडोशाला ठेवले तर ती पुरते. उणे पंधराला ती अखंड चालू राहूनही ११० गाठेल याची खात्री नसते. त्यात लांब, बारीक एक्स्टेंशन वायर जोडली की कॉइलपर्यंत पोचणारी वीज आणखी कमी होते आणि वायरही तापते. घ्यायचाच असेल तर जास्त वॉटचा, भिंतीत उष्णतारोधक भरलेला घ्या.

थोडक्यात माझी पसंती : परवडत असेल तर कामाडो, बेतात बसवायचे असेल तर आवरणासह उभा वॉटर स्मोकर, वेळ कमी असेल तर दुहेरी भिंतीचा पेलेट.

प्रश्न : मला बाजूला वेगळी भट्टी असलेला लांबट ऑफसेट स्मोकर मनापासून आवडतो. स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

स्वस्तातला घेऊ नका. ऑफसेटमध्ये भट्टीतली उष्णता वाहत पलीकडे जायची असते, त्यामुळे हवा भरपूर लागते आणि थंड हवेला उघडा पडणारा पत्राही भरपूर असतो. पाच-सहा मिलिमीटर जाड पोलादाचा असेल तर अनुभवी माणूस हिवाळ्यातही त्यावर सुरेख काम करतो. स्वस्त मॉडेलचा पत्रा पातळ आणि सांधे फटींचे असतात. थंडीत दर अर्ध्या तासाने लाकूड घालत बसाल आणि मांसाकडे लक्ष द्यायला सवडच मिळणार नाही. पहिला म्हणून तर नकोच.

प्रश्न : बाहेर बर्फ पडत असताना गॅरेजचे दार उघडे ठेवून आत स्मोकर लावला तर चालेल ना? किंवा काचेने बंद केलेल्या बाल्कनीत?

नाही. दोन्ही ठिकाणी नाही. जळत्या कोळशातून आणि लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि उघड्या दारातून तो पुरेसा बाहेर जाईल यावर विसंबता येत नाही. तिथून तो घरातही शिरतो. दरवर्षी थंडीत माणसे अशीच दगावतात. स्मोकर उघड्यावरच, घराच्या भिंतीपासून आणि लोंबणाऱ्या छपरापासून निदान तीन मीटर दूर, बर्फ बाजूला काढून सपाट, न जळणाऱ्या जागेवर ठेवा. राखेचेही तेच. वरून विझलेली दिसली तरी आतले निखारे एक-दोन दिवस धुमसू शकतात. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून डबा घराबाहेर ठेवा.

प्रश्न : माझा स्मोकर उणे आठला व्यवस्थित चालला, आणि परवा फक्त शून्य अंश असताना ९० च्या वर जाईना. बिघडला असेल का?

परवा वारा होता का ते आठवा. बहुतेक असणारच. स्थिर हवेत स्मोकरभोवती उबदार हवेचा पातळ थर राहतो. वारा तो सतत उडवून लावतो, आणि झडपांतून आत घुसून विस्तवाची चालही बिघडवतो. उणे पंधराची निवांत सकाळ वाऱ्याच्या शून्य अंशापेक्षा बरी, असे मी नेहमी सांगतो. तीन बाजूंनी आडोसा करा, पण न जळणाऱ्या वस्तूचा आणि थोडे अंतर ठेवून. पेलेट किंवा इलेक्ट्रिक स्मोकरला कंपनीचेच आवरण वापरा. साध्या कोळशाच्या स्मोकरला वेल्डिंगच्या कामाचे अग्निरोधक ब्लँकेट चालते. झडपा आणि धुराडे मात्र उघडे राहिले पाहिजेत.

झाकण उघडून बघायची सवयही तपासा. थंडीत एकदा उघडलेले झाकण अर्धा तास खाते. दोन काट्यांचा वायरलेस थर्मामीटर घ्या. एक काटा मांसात, दुसरा जाळीच्या उंचीवर, आणि आकडे घरात बसून वाचा. झाकणावरचा गोल मीटर झाकणाजवळचे तापमान दाखवतो, मांसाजवळचे नाही.

प्रश्न : गॅसच्या स्मोकरची ज्योत थंडीत मंदावते. सिलिंडर नवा आहे.

सिलिंडरमध्ये काय भरले आहे ते बघा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वाफ होणे थांबवतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ होत राहतो, म्हणून थंडीत शुद्ध प्रोपेनच हवा. तोही जसजसा गारठतो तसा त्याचा दाब कमी होतो, आणि वापरताना सिलिंडर स्वतःहून आणखी थंड होत जातो. मोठा आणि भरलेला सिलिंडर जास्त वेळ टिकून राहतो. त्याला आच देऊन गरम करणे किंवा घरात आणून ठेवणे, या दोन गोष्टी कधीही करू नका.

प्रश्न : हिवाळ्यात मांस वरून काळे आणि कडू होते. शिवाय त्याचे आतले तापमान ७० अंशांच्या जवळ येऊन तासन्‌तास अडून बसते.

कडूपणा अर्धवट जळलेल्या धुराचा. गार भिंतींवर आणि गार मांसावर हा धूर लवकर थिजतो आणि डांबरासारखा थर धरतो. स्मोकर पूर्ण तापून पांढरा दाट धूर संपेपर्यंत मांस आत ठेवू नका. पातळ, निळसर धूर दिसू लागला की ठेवा. वरची झडप कायम उघडी ठेवून तापमान खालच्या झडपेने सांभाळा. पेटवण्यापूर्वी दोन्ही झडपा हलवून बघा, रात्रीच्या ओलीने त्या गोठलेल्या असतात. लाकूड कोरडे हवे, बर्फाखाली पडलेले नको, आणि धुरासाठीच्या लाकडाच्या चिपा पाण्यात भिजवायच्या नाहीत.

अडून बसण्याचे कारण वेगळे. साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान मांसातला ओलावा पृष्ठभागावरून उडतो आणि घामाने अंग गार होते तसे मांस गार होत राहते. ब्रिस्केट (गोमांसाचा छातीकडचा तुकडा) किंवा पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचे मांस) ९३ ते ९६ अंशांपर्यंत न्यायचे असते, तिथवर कोलॅजेन, म्हणजे मांसाला चिवट करणारे प्रथिन, विरघळून मांस मऊ होते. त्यामुळे वाट बघणे भागच आहे. रंग मनासारखा आला की फॉइल किंवा बुचर पेपरमध्ये (मांस गुंडाळायच्या जाड कागदात) घट्ट गुंडाळा. बाष्पीभवन अडले की पारा पुन्हा चढू लागतो. अगदी गारठ्याच्या दिवशी गुंडाळून घरातल्या ओव्हनमध्ये ठेवले तरी काही बिघडत नाही. धुराची चव तोपर्यंत आलेली असते.

प्रश्न : बाहेर आयतीच थंडी आहे, तर कोल्ड स्मोकिंगपासून सुरुवात करावी असे वाटते. मासे आणि मांस दोन्ही करायचे आहेत.

मासे आणि मांस सध्या नको. कोल्ड स्मोकिंगमध्ये तापमान ३० अंशांच्या खाली राहते, म्हणजे पदार्थ शिजतच नाही. ४ ते ६० अंश हा जिवाणू वाढण्याचा पट्टा आहे, आणि हवा कमी असलेल्या धुरकट पेटीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढू शकतो. म्हणूनच असे मांस आधी वजनाने मोजलेल्या मिठात आणि नायट्राइट या जिवाणू रोखणाऱ्या क्षारात मुरवावे लागते. ते शास्त्र शिकून, काट्यावर तोलूनच करायचे काम आहे. कोल्ड स्मोक केलेल्या माशांत लिस्टेरिया या रोगकारक जिवाणूचा धोका राहतोच, आणि गरोदर बाई किंवा म्हातारी माणसे घरात असतील तर तो अजिबात पत्करू नये.

या हिवाळ्यात चीज, सुकामेवा आणि जाडे मीठ यांना गार धूर द्या. दोन-तीन तास पुरतात. चीज लगेच खाऊ नका. घट्ट गुंडाळून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे धुराचा तिखटपणा आतपर्यंत मुरून सौम्य होतो. मासा आणि कोंबडी खायची इच्छा असेल तर ती गरम धुरात, पूर्ण शिजवून करा. कोंबडीचा सर्वांत जाड भाग ७४ अंशांना पोचला पाहिजे.