‘गंमतच केली!’ म्हणणाऱ्यांबद्दल

नोकरीच्या जागेवरच्या बोचऱ्या बोलण्याविषयी सतत तीच विचारणा होते आहे, म्हणून ही उत्तरं एकत्र.

प्रश्न : मी कोल्हापूरचा. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात सगळे हसत ‘ए घाटी’ अशी हाक मारतात. वाईट वाटणं चूक आहे का? (वेर्णा)

उत्तर : अजिबात नाही. जो सुरुवात करतो त्याला बाजूला घेऊन ‘नावाने हाक मार’ असं सांगा. ऐकलं नाही तर सुपरवायझरला लेखी कळवा. बोलण्यात जात आली तर मात्र आधी वकील गाठा.

प्रश्न : ऑफिसात आम्ही सात जण. मालक रोज ‘आज कोणासाठी नटलीस?’ विचारतात. मैत्रीण म्हणते, दहापेक्षा कमी माणसं आणि साक्षीदार नाही, म्हणजे तक्रारच होत नाही. पाच महिने सोसतेय. (म्हापसा)

उत्तर : मैत्रिणीचं दोन्ही चूक. कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते. कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. साक्षीदार असलाच पाहिजे अशी अटही नाही.

मला काळजी वाटते ती त्या पाच महिन्यांची. तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने; प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. ‘चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, मग बघू’ म्हणत बायका थांबतात, शेवटी नोकरीच सोडतात, आणि तोवर मुदत संपलेली असते. आज रात्रीच वही काढा. तारीख, वेळ, नेमके शब्द, तिथे कोण होतं, तुम्ही काय उत्तर दिलंत, सगळं लिहा. एकही मेसेज पुसू नका. हे बोलणं लैंगिक छळात बसतं का, हे तुमच्या चार ओळींवरून मी ठरवणं बरोबर नाही. याच आठवड्यात वही घेऊन वकिलाला भेटा.

प्रश्न : दोन तासांच्या प्रशिक्षणानंतर ‘छळमुक्त हॉटेल’ असं प्रमाणपत्र देतात. ते पुरेसं आहे? (हॉटेलमालक, कळंगुट)

उत्तर : नाही. कायद्यात असलं प्रमाणपत्रच नाही, तुम्हाला नुसता कागद विकताहेत. समिती नेमा, तिच्यात बाहेरचा सदस्य घ्या, नेमणुकीचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावा. शंका असेल तर कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा, विक्रेत्याला नव्हे.

प्रश्न : नव्या सहकारी मुलीला मी ‘ख्रिश्चन असून मराठी छान बोलतेस’ म्हटलं. ती गप्पच झाली. (पणजी)

उत्तर : माफी मागा. ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे पुढे जोडू नका.